पितळेची पिन

शाळेत मी गेलतो. खिडक्या बसवाले. आठ खिडक्या होत्या, त्यातल्या दोन मी उलट्या बसवल्या, कडी बाहेरून. हेडमास्तर म्हणे, "मिस्त्री, पोरायनं वर्गात बसाचं का कोंडून राहाचं?" मी म्हटलं, "सर, मले कोणी वर्गात बसवलंच नाई, आत कसं राहाचं असते मले काय माईत." मास्तर हासले, पण खिडक्या काढून पुन्हा बसवा लागल्या. माहं शिक्षण म्हणाल तं एवढंच. अक्षरं मी गेटावर शिकलो. लोकायले गेटावर घराचं नाव पाहिजे असते, पट्टी वाकवून एकेक अक्षर बनवा लागते. 'मातृछाया' मी डोळे मिटून बनवतो. 'मेकॅनिकल' मले आजबी लिहिता येत नाई, कारण तशा नावाचं घर कोणी बांधत नाई.

अन् माह्या पोरीनं घेतलं मेकॅनिकलच.

महागावच्या रोडवर माहं वेल्डिंगचं टिनाचं दुकान आहे. गेट, ग्रिल, खाटा, ट्रॉलीचं फाळकं, जे तुटन थे. सारे मले मिस्त्री म्हणतात, घरवालीबी. बारावीनंतर पोरीचा नंबर यवतमाळले इंजिनेरिंगले लागला तवा घरी पंचायत बसली. माहा साळा म्हणे, "भाऊजी, पोरीले कॉम्प्युटर द्या. पंख्याखाली बसन. मेकॅनिकल पोट्ट्यायचं काम होय."

मी म्हटलं, "मेकॅनिकल घ्याचं तं कॉलेज तरी कायले? मी मेलो का? उद्यापासून ये दुकानात, चार महिन्यात शिकवतो."

पोरगी म्हणे, "बाबा, मशीन वेल्ड कशी होते थे मी रोज पाहते. मशीन तशीच काहून बनली, थे मले शिकाचं आहे."

"तशीच काहून म्हंजे? पाइप तेवढाच उरला होता म्हणून."

घरवाली म्हणे, "जाय माय, शीक तू. घरात एक तरी माणूस मोजून काम करणारं पाहिजे."

गेली. वर्गात पोरी एका हाताच्या बोटावर मोजाव्या एवढ्या, बाकी सारे पोट्टे. सुट्टीत घरी आली का मोठमोठी पुस्तकं घेऊन बसे. मी एक दिवस विचारलं, "यात काय आहे व?" म्हणे, "लोखंडाची ताकद." मी म्हटलं, "थे मले विचार ना. पुस्तकाले काय विचारतं?" तवा थे म्हणे, "बाबा, तुमी लोखंड जास्त लावता. पुस्तकात शिकवतात, कमीत कमी लोखंडात काम कसं भागवाचं, अन् तुटलंच तं कुठी तुटू द्याचं."

मी हासून हासून लोळलो. चार वर्षं, होस्टेल, मेस, अन् शिकवून काय राह्यले तं कंजूसपणा. दुकानात जो येईन त्याले मी हेच सांगो. म्हणो, "माही पोरगी यवतमाळले तुटाचं शिक्षण घेऊन राह्यली." लोक हासत. लोकायले हासवलं का मले वाटे, आज काहीतरी काम झालं.

खरं सांगाचं तं कॉलेजच्या अंदरची गोष्ट मले तिच्याआधीपासून माईत होती. काहून का मी प्रोजेक्ट बनवतो. शेवटच्या वर्षाले चार-चार पोट्ट्यायची टोळी असते, त्याईले एक मशीन बनवून दाखवा लागते. पोट्टे बनवत नाईत, माह्यासारख्याकडं येतात. कोणत्या कॉलेजचे थे नाई सांगत, साऱ्याच कॉलेजचे येतात. मले तीन मशीनी येतात. पायडल मारून पाणी उपसाची, भुईमुंगाच्या शेंगा तोडाची, अन् एक पायडल मारून बॅटरी चार्ज कराची, जिच्यात बॅटरी कधी चार्ज झाली नाई. त्याच तीन, परीक्षा झाली का दुकानात परत. यंदा हिरवा रंग, पुढच्या वर्षी निळा. एक वर्ष तं हिरव्यावर निळा मारला, तं परीक्षेच्या दिवशी उन्हानं पोपडे निघाले अन् खालची हिरवी मशीन बाहेर आली. पोट्ट्यायनं सांगतलं म्हणे, "सर, हा प्रायमर आहे." पास झाले.

असे माह्या दुकानातून पास झालेले इंजिनेर मी हिशोबात धरतो. म्हंजे कुठी भेटले तं विचारतो, "काय करून राह्यला बे?" एक पुण्याले बँकेच्या फोनवर बसते, लोकायले कार्ड घ्या म्हणते. एक चाकणले कंपनीत होता, ठेकेदाराचा माणूस, अकरा महिने झाले का काढून पुन्हा घेत. थो म्हणे, "काका, दिवसभर एकच नट लावतो. थोच नट." एक यवतमाळले अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचं वाचून राह्यला, चष्मा जाड होऊन राह्यला. एकानं जेसीबी घेतली, थोच काय तो सुखी दिसते. अन् दोघं-तिघं पुण्याले कॉम्प्युटरचा कोर्स करून तिकडंच लागले, त्याईले मेकॅनिकल विचारलं का लाजतात. मी म्हणो, लेकहो, एवढे शिकले अन् मशीन बनवणारा एकबी नाई.

पोरगी तिसऱ्या वर्षाले होती तवा हे सारं मी तिले जेवताना सांगतलं. हासत हासतच सांगतलं. थे हासली नाई. म्हणे, "मले माईत आहे बाबा. म्हणून तं मले ड्रॉइंगचंच काम पाहिजे. डिझाइन. कागदावर मशीन काढाची, मग थे बनाची."

"अन् नाई भेटलं तं?"

"नाई भेटलं तं मीबी कार्ड घ्या म्हणीन. बस?"

शेवटच्या वर्षी थे प्रोजेक्टचं घेऊन आली तवा मी खुशीत होतो. मी म्हटलं, "कोणता रंग पाहिजे?" तिनं दप्तरातून कागद काढले, मोठे, घडी घातलेले, माह्या खाटेवर अंथरले. पऱ्हाटी बारीक कराची मशीन. कापूस निघून गेला का वावरात काड्या उभ्या राहतात, लोक उपटून धुऱ्यावर, बांधावर जाळतात, त्याचा चुरा करून वावरातच टाकाचा. सारं तिनं काढलं होतं. एकेक नट. टोळीतले तीन पोट्टे होते, पण थे फोटोपुरते.

म्हणे, "बाबा, वेल्डिंग तुमी कराची. पण जसं कागदावर आहे तसंच. एक एमेम इकडं नाई, एक एमेम तिकडं नाई. मी सांगून ठेवते, नागपूरकडून एका कंपनीचे साहेब परीक्षेले येऊन राह्यले. अवजारं बनवणारी कंपनी आहे. सारे म्हणून राह्यले, त्याईच्या डिझाइनमध्ये एक जागा आहे. ज्याची मशीन पसंत पडन त्याले घेतीन."

मी म्हटलं, "एकच?"

"एकच. मले थेच पाहिजे."

मग दोन महिने माह्या दुकानात जे झालं थे माह्या बापानंबी कधी पाह्यलं नसन. मी पाइप कापाचा सुतळीनं मोजून, थे वर्निअर घेऊन मागं उभी. मी म्हणो, "बराबर आहे." थे म्हणे, "दीड एमेम कमी आहे." मी म्हणो, "दीड एमेम कोणाले दिसते?" थे म्हणे, "बेअरिंगले दिसते." गिऱ्हाइकायसमोर म्हणे. एक गेट न्यायले आलेला माणूस मले म्हणे, "मिस्त्री, माह्या गेटाचंबी एकदा पोरीकडून पाहून घ्या." तवापासून गेटवाले वर्निअर मागून राह्यले.

परीक्षेच्या दोन दिवसाआधी मशीन तयार झाली. चालवून पाह्यली, चांगली चालली. पोरगी छपाईचे कागद आणाले उमरखेडले गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाई, मशीनीले शेवटचा लाल रंग माराचा राह्यलता. मी बाजूचं जाळीचं झाकण काढलं, त्याच्या आतमधून रंग माराले. अन् पाहतो तं काय, चेनच्या चाकाले शाफ्टात अडकवाले एक पिन. एवढीशी, पेन्सिलीएवढी. अन् पितळेची.

पितळेची! जिथं साऱ्या मशीनीचा जोर येते तिथं देवाच्या घंटीचं पितळ. मी डोक्याले हात लावला. चाकं अन् चेन तिनंच बसवली होती. मले वाटलं, पोरगी चुकली. घाईत जे भेटलं थे ठोकलं. उद्या साहेबासमोर हे तुटन अन् चार वर्षं पाण्यात. अन् खोटं कायले बोलू, थोडं बरंबी वाटलं. दोन महिन्यात पहिल्यांदा तिची चूक मले सापडली होती.

तिले फोन कराचा होता. नाई केला. म्हटलं, आता बोललो तं पुन्हा वर्निअर काढन. आपणच गुपचूप काम करून टाकावं, अन् पास झाल्यावर सांगावं, का बाई, तुह्या बापानं वाचवलं.

ड्रिलनं भोक मोठं केलं. कडक लोखंडाचा बोल्ट होता माह्यापाशी, काळा, थो ठोकला. तालुक्यातले ट्रॅक्टरवाले माती फोडाचं रोटावेटर घेऊन येतात माह्याकडं, त्याईचा एक बोल्ट नेहमी तुटते. म्हणतात, "मिस्त्री, कंपनीचा बोल्ट बोगस आहे, पक्का टाका." मी हाच टाकतो. पुन्हा बोल्टासाठी कोणी आलं नाई, एवढं पक्कं काम. इथी तं पोरीची मशीन होती, म्हणून वरून दोन्हीकडून वेल्डिंगचे टाके मारले. लाल रंग मारला. झाकण लावलं. आता म्हटलं बापजन्मात तुटत नाई.

परीक्षेच्या दिवशी छोटा हत्ती टेम्पो करून मशीन यवतमाळले नेली. मीबी गेलो, उतरवाले माणूस पाहिजे म्हणून. धुतलेला शर्ट घातला. कॉलेजच्या मागच्या टिनाखाली साऱ्यायच्या मशीनी लायनीत मांडल्या होत्या. मी एक चक्कर मारली अन् दोन माह्याच निघाल्या. शेंगा तोडाची एक पिवळी होती, मागच्या वर्षी थे जांभळी होती.

साहेब आले. पन्नाशीचा माणूस, शांत. पिवळीपाशी उभ्याउभ्याच दोन मिनिटं थांबले. आमच्या मशीनीपाशी आले तं खाली बसले. बसून पाह्यलं. ड्रॉइंग मागतलं, ड्रॉइंग वाचलं, पुन्हा मशीन पाह्यली. पोरीले म्हणाले, "हे तुम्ही काढलंय? स्वतः?"

"हो सर."

"छान आहे. चालवा."

पऱ्हाटीचा भारा टाकला, भर्र करून चुरा बाहेर. पोट्टे टाळ्या वाजवाले लागले. मी टिनाच्या खांबाले टेकून उभा होतो अन् छाती अशी झाली का शर्टाची बटणं मोजून घ्यावी.

मग पोरगी म्हणे, "सर, आता मी मुद्दाम यात बाभळीचा ओंडका टाकणार आहे. वावरात असं काही ना काही येतंच. ओंडका अडकेल. मी इथे पितळेची पिन दिली आहे, ती तुटेल, चाक मोकळं होईल आणि बाकी मशीनला काही होणार नाही. दुसरी पिन बसवायला एक मिनिट लागतं." असं म्हणून तिनं खिशातून चार पिना काढून तळहातावर दाखवल्या. चकचकीत.

समजलं मले काहीच नाई, पण कुत्र्याले कसं भूकंपाआधी समजते तसं झालं. मी म्हटलं, "माय, थांब जराक." पण मोटरीच्या आवाजात कोणाले आयकू येते? अन् आयकू आलं असतं तरी मी पुढं काय म्हटलं असतं?

तिनं सगळ्यायले मागं सरकवलं अन् ओंडका टाकला.

बोल्ट तुटला नाई. माह्या हातचा बोल्ट, कसा तुटन? ओंडका अडकला, मोटर थांबता थांबेना, चेन ताणली अन् फाट्टकन तुटून वरच्या टिनाले लागली. चाकाचे दात गेले. शाफ्ट वाकला. मोटर घुमाले लागली, जळका वास सुटला, तेव्हा पोरीनं पळत जाऊन बटण बंद केलं.

कोणाले लागलं नाई, एवढंच बरं.

साहेबानं जाळीचं झाकण उघडलं. बोटानं लाल रंग खरवडला. म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये इथे पितळेची पिन आहे. हे काय आहे?"

पोरीनं वाकून पाह्यलं. माही वेल्डिंग तिनं लगेच ओळखली. लहानपणापासून पाहून राह्यली, कशी नाई ओळखन? तिनं माह्याकडं पाह्यलं नाई. उभी राह्यली अन् म्हणे, "सर, चूक माझी आहे. चालवायच्या आधी मी झाकण उघडून बघायला पाहिजे होतं."

आता तरी सरळ बोलावं, असं मले वाटलं. मी पुढं तं झालो. म्हटलं, "साहेब, पोरीची काही चूक नाई. थो बोल्ट म्या टाकला. तिले माईतच नाई."

साहेब म्हणाले, "तुम्ही वडील का?"

"हाव."

"दरवर्षी कोणाचे ना कोणाचे वडील हेच सांगतात हो."

मी म्हटलं, "साहेब, आईची आण. वेल्डिंगच पाहा ना तुमी. एवढी खराब वेल्डिंग आख्ख्या तालुक्यात दुसरा कोणी करूच शकत नाई."

झालं. सारे खो खो हासले. पोट्टे हासले, सर लोक हासले, साहेबबी हासले. जिंदगीत पहिल्यांदा मी खरं बोलाले उभा झालो अन् तोंडातून निघाला जोक. साहेब हासत हासत दुसऱ्या मशीनीकडं निघून गेले. पोरगी एकटी हासली नाई. तिनं त्या चार पिना खिशात टाकल्या अन् झाडू घेऊन चुरा झाडाले लागली.

परतीले छोट्या हत्तीत आमी दोघं मागं बसलो, मशीनीपाशी. आर्णीले गाडीवाला चहाले थांबला. मी म्हटलं, "चहा घेतं?" थे म्हणे, "नको." मी म्हटलं, "भजे?"

तवा थे बोलली. "बाबा, थे पिन तुटाचीच होती. तुटासाठीच बनवली होती. मी चार रात्री बसून थे किती जाड पाहिजे याचं गणित केलं. जास्त जाड झाली तं तुटत नाई, कमी झाली तं घडीघडी तुटते. मशीनीतली सारी अक्कल त्या पिनीत होती. तुमाले वाटलं मी भांड्याचं पितळ ठोकलं?"

मले तेच वाटलं होतं.

"मले विचारलं काहून नाई? एक फोन."

मी म्हटलं, "तू हासली असती."

"अन् मी तुमाले आधी सांगतलं काहून नाई माईत आहे? तुमी हासले असते."

एवढं बोलून थे रोडाकडं तोंड करून बसली. मी चहाचा गिलास हातात घेऊन राह्यलो, अन् डोक्यात रोटावेटर फिराले लागला. थे जे बोल्ट नेहमी तुटतात. थे बोगस नव्हते तं. थे तुटाचेच होते. अन् मी जिथं जिथं काळा पक्का बोल्ट टाकला, त्याईतले दोन-चार जण हंगाम संपाच्या आत फुटलेला गिअरबॉक्स घेऊन आले होते. मी त्याईले काय सांगो? "कंपनीनं गिअर बोगस टाकला भाऊ. माहा बोल्ट पाय, जसाच्या तसा आहे." थेबी म्हणत, "हाव मिस्त्री, तुमचं काम पक्कं." तालुक्यातले किती गिअरबॉक्स माह्या हातानं गेले देव जाणे. हे मी तिले सांगतलं. मले वाटलं, हासन. माह्यावर हासण्यासारखं याच्यापेक्षा मोठं काय आहे? थे म्हणे, "बरं."

प्रोजेक्टात पास केलं तिले. मार्कबी बरे भेटले, पिवळ्या मशीनीएवढेच. कंपनीचा फोन आला नाई. एक महिना गेला, दुसरा गेला. घरी मी अन् घरवाली कुजबुज बोलो. सकाळी थे मोबाइल घेऊन बसे अन् अर्ज भरे. फोन येत, नाई असं नाई. एक पुण्याहून येई, म्हणे आधी आमचा कोर्स करा मग नोकरी. एक विम्याचा. एक चाकणचा ठेकेदार, त्यानं विचारलं, "मुलगी आहे का? मग नाईट शिफ्टचं बघावं लागेल," अन् पाह्यलंच नाई. साळा आला अन् म्हणे, "मी काय म्हटलं होतं भाऊजी?" त्याले मी चहा पाजला. त्याचं म्हणणं काय होतं थे साऱ्यायले पाठ होतं, तरी त्यानं पुन्हा सांगतलं.

मग एक दिवस त्याच नागपूरकडच्या कंपनीतून फोन. पण डिझाइनसाठी नाई. सर्व्हिसची जागा आहे, येतं का म्हणे. मोटरसायकलवर गावोगाव फिराचं, ज्याचं अवजार बिघडलं त्याच्या वावरात जाऊन पाह्याचं, शिव्या खाच्या अन् रिपोर्ट लिहाचा. पोरगी म्हणे, "सांगते." फोन ठेवला अन् भिंतीकडं पाहत बसली. घरवाली मले आत घेऊन गेली अन् म्हणे, "त्या एका बोल्टापाई पोरगी आता धुऱ्याधुऱ्यानं फिरन. तुमचा हात लागला का सोन्याची माती."

मले रात्रंदिवस एकच. माह्यामुळं गेली का? पोरीले विचारलं, "पिन असती तं घेतलं असतं का?" म्हणे, "मले काय माईत." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी थे म्हणे, "बाबा, आता पुन्हा विचारलं तं मी पुण्याले निघून जाइन."

तवा मी साहेबाले फोन लावाचं ठरवलं. नंबर टोळीतल्या एका पोट्ट्याकडून घेतला. पहिल्यांदा उचलला नाई. दुसऱ्यांदा म्हणाले मीटिंगमध्ये आहे. तिसऱ्यांदा मी आवाज येता येताच सांगून टाकलं, "साहेब, मी बोल्टवाला बाप. जोक नाई करत. खरंच म्या टाकला होता. पोरीले थे डिझाइनची जागा द्या, मले काय सजा द्याची थे द्या."

मग साहेब म्हणाले, "मिस्त्री, मला त्या दिवशीच कळलं होतं. त्या मुलीच्या हातून असं वेल्डिंग होणारच नाही. पण डिझाइनची ती जागा मी यवतमाळला यायच्या आधीच भरली होती. मी फक्त परीक्षक म्हणून आलो होतो. जागा आहे हे तुमच्याकडे कोणी सांगितलं, मला माहीत नाही."

"म्हंजे पिन असती तरी?"

"पिन असती तरी."

फोन ठेवला अन् माह्या अंगावरून हत्ती उतरला. दुकान उघडंच टाकलं. चौकात गेलो, गरम जिलेबी बांधून घेतली अन् पळतच घरी. पोरगी अंगणात बसली होती. मी पुडा तिच्यापुढं ठेवला अन् म्हटलं, "घे माय, तोंड गोड कर. माहा काहीच दोष नाई! जागा आधीच भरली होती. साहेबानं सोता सांगतलं."

थे माह्याकडं पाहत राह्यली. मी आपला हासून राह्यलो, एक जिलेबी मी तोंडातबी टाकली होती.

म्हणे, "मग थे जागा कधी नव्हतीच?"

"नव्हतीच! मी तेच तं..."

"बाबा, दोन महिने मी सोताले सांगून राह्यली का माही मशीन चांगली होती, बोल्टानं घात केला. कोणी विचारलं तं तेच सांगीन म्हटलं होतं. लोकायले सांगाले माह्यापाशी तेवढंच होतं. आता काय सांगू? का मशीन चांगली असली काय अन् नसली काय, कोणी पाहाले आलंच नव्हतं?"

तोंडातली जिलेबी गिळता येईना अन् थुकता येईना.

घरवाली दारात आली. म्हणे, "काय झालं व?" पोरगी म्हणे, "काही नाई आई. बाबा सुटले." अन् उठून तिनं तिथंच, माह्यासमोर साहेबाले फोन लावला. माह्यासमोरच बोलली, पण माह्याशी बोलते तशी नाई, कॉलेजची भाषा.

"सर, सर्व्हिसची जागा तरी खरी आहे का? की तीही भरलेली आहे?"

फोनचा आवाज मोठा होता, मले आयकू आलं. साहेब म्हणाले, "ती खरी आहे. ती दरवर्षी असते."

"दरवर्षी का सर?"

"माणूस टिकत नाही. मुलगी तर आतापर्यंत कोणी आलीच नाही."

"डिझाइनला पुढे घेता का सर्व्हिसमधून?"

"घेतलंय. एकदा."

"एकदा म्हणजे किती वर्षांत?"

साहेब सर्व्हिसच्या पगाराचं सांगाले लागले. मग पोरगी म्हणे, "ठीक आहे सर. जे असेल ते लेटरमध्ये लिहून पाठवा. लेटर आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. ऐकून ऐकून झालं माझं."

फोन ठेवला अन् आत गेली. जिलेबीचा पुडा तसाच. घरवालीनं मग थे शेजारी वाटली. शेजारीण म्हणे, "कायची व जिलेबी? पोरीले नोकरी लागली का?" घरवाली म्हणे, "नाई माय. मिस्त्री निर्दोष निघाले, त्याची." शेजारीण पोट धरून हासली. मीबी हासलो असतो, पण पोरगी आतून आयकून राह्यली होती.

याले आता बारा दिवस झाले. लेटर पोस्टानं येत नाई म्हणे, मोबाइलातच येते. म्हणून थे मोबाइलकडं पाह्यते अन् मी तिच्याकडं पाह्यतो. काल मी विचारलं, "आलं का?" म्हणे, "आलं तं सांगीन." आज मी विचारलं नाई. दुकानात येऊन बसलो, अन् शेंगा तोडाच्या मशीनीसाठी पुढच्या वर्षीचे पोट्टे आलते, त्याईले म्हटलं, "कागदावर काढून आणा. मग बनवतो." थे एकमेकाकडं पाहाले लागले. एक म्हणे, "काका, जोक करून राह्यले का?"

मी म्हटलं, "नाई." पण त्याईले खरं वाटलं नाई. फाट्यावरच्या दुसऱ्या वेल्डिंगवाल्याकडं निघून गेले.